गुलाबी पीरूचा उन्हाळा

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. तीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मी, वयाच्या साठाव्या वर्षी, तीन-तीन किलोच्या नऊ टर्की माद्यांच्या आवारात सोळा किलोचा एक पांढराशुभ्र नर सोडला. त्याला ओवाळलं. थोराड बाप अधिक काटक आई बरोबर थोराड आणि काटक लेकरं, असा फळ्यावरचा हिशेब मनातल्या मनात मांडला, आणि पुढचे दहा दिवस एकाही मादीला उचलून बघितलं नाही.

ती साठ वर्षांची पोर आठवली की अजून तिच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खोचलेला, हातात वही, वहीत चौकटी आखलेल्या. चौकटीत मोठ्या अक्षरात बाप, छोट्या अक्षरात आई. सगळं ज्ञान कागदावर इतकं नीट बसत होतं, की आवारात जाऊन बघायची गरजच काय?

फाल्गुन लागला की हे सगळं परत येतं. इंदूरजवळ हातोदच्या बाजूला गव्हाची कापणी सुरू होते, भुश्शाची बारीक धूळ नाकात जाते, आणि आवारातला नर एकाएकी स्वतःला कुणीतरी समजायला लागतो. शेपटीचा पंखा उघडतो, पंख जमिनीला घासत चालतो, तोंड निळं, मान लाल, आणि चोचीवरून लोंबणारी ती मांसाची सोंड अशी हलवतो की जणू मिशांनाच पीळ देतोय. आणि उत्तर देतो. कशालाही. मंडीकडे निघालेल्या ट्रॉलीचा हॉर्न वाजला, गुडगुडगुड. कुकरची शिट्टी झाली, गुडगुडगुड. मी शिंकले, तरी गुडगुडगुड. इतकं तत्पर उत्तर मला माझ्या वर्गात कुणी दिलं नाही.

ऐकताना हसू येतं, आणि त्याच्या मागोमाग तो उन्हाळा आठवतो. बारा-तेरा वर्षं झाली, पण ती आठवण वेळ चुकवत नाही.

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझी लेक, शुभांगी, चार वर्षांच्या इराला घेऊन ग्वाल्हेरहून इंदूरला, माझ्या राजेंद्र नगरच्या घरी आली. दोन बॅगा होत्या. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, बघू. आठवड्यानं विचारलं, काय झालं? म्हणाली, तिथे जमत नाहीये. बस, एवढंच. आणि मी काय केलं? मी तिला सांगितलं की जमवून घ्यावं लागतं, आमच्या वेळी आम्ही पण जमवलंच. वर मसाला घालून चहा केला.

जावई मीच पसंत केले होते. हे पण कबुलीतच येतं. जुनं सरदारांचं घराणं, दिवाणखान्यात भिंतीवर तलवार, दारात दोन गाड्या, आणि मुलगा सहा फूट, चौकटीत मावत नव्हता. मी घरी येऊन यांना म्हटलं होतं, काय भारदस्त आहे हो. हे म्हणाले, मुलीला विचारलंस का? मी म्हटलं, मुलीला काय विचारायचं, डोळे नाहीत का तिला. हे हळू बोलणारे होते, परत बोलले नाहीत. शुभीच्या लग्नानंतर दोनच वर्षांत गेले. जाताना मला पेन्शन आणि हातोदच्या अलीकडचा दीड बिघा ठेवून गेले.

त्या दीड बिघ्यात राखणीला रामकुंवरबाई राहायची. तिचे वडील महूला छावणीत कामाला होते, तिथे साहेबलोकांच्या नाताळासाठी पाळलेल्या टर्कींपैकी दोन-चार त्यांनी घरी आणल्या होत्या. त्यांचा वंश तिच्याकडे अजून चालू होता. ती त्यांना पीरू म्हणायची. काळपट, तांबूस, चपळ पाखरं. ऊन, लू, कुत्री, कशाला दाद न देणारी. शेतातले टोळ खायची, बाभळीवर झोपायची. अंगावर मांस मात्र यथातथाच. शुभीनं शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात चौकशी केली, तेव्हा त्यांनी सांगितलं, पक्षी छान आहे, चव तर फारच छान, पण छातीवर काही नाही. डिसेंबरात वजनदार पक्षी द्या, मग बोलू.

आणि शुभी, जी दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपत होती, ती उठून बसली. तिनं ठरवलं की शहरी थोराड नर आणायचा, गावच्या माद्यांशी संकर करायचा, चव आणि काटकपणा आईचा, छाती बापाची. बोलताना तिच्या गालांवर रंग आला होता. मला बरं वाटलं. पण खरं सांगू? मनात मी म्हणत होते, करू दे एक हंगाम, जीव रमेल, राग निवेल, मग जाईल आपल्या घरी. आम्ही तिघी मुक्काम हलवून शेतावरच्या दोन खोल्यांत राहायला गेलो.

तिनंही स्वतःला मुदत घातली होती. सासरी फोनवर तिनं शब्द दिला: जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माझी तीस पिल्लं उभी राहिली, तर मी इथेच राहीन आणि इरा इथल्या शाळेत जाईल. नाही राहिली, तर गाडी पाठवा, मी येते. मी म्हटलं, तीसच का? म्हणाली, तिसाखाली धंदा उभा राहत नाही, आणि मी तुझ्या पेन्शनवर बसून खाणार नाही. शब्दाची ती पहिल्यापासून अशीच, वडिलांवर गेलेली.

नर आला तो रंगपंचमीला. आता इंदूरच्या माणसानं रंगपंचमीला मल्हारगंजात काही सोडवायला जाऊ नये, एवढं तर तान्ह्या मुलालाही कळतं. पण पुण्याकडून आलेल्या गाडीनं पिंजरा मल्हारगंजातल्या एका पशुखाद्याच्या दुकानात उतरवला होता, आणि मी म्हटलं, सकाळी लवकर जाऊ, गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघायच्या आत परत. टेम्पोवाला म्हणाला, "आंटीजी, गेर है आज, फँस जाएँगे." मी त्याला सांगितलं की मी इथे तीस वर्षं शिकवलंय, मला गल्ल्या शिकवू नकोस.

फसलो. पुढून ढोल, मागून टँकर, वरून गच्चीगच्चीवरून पिचकाऱ्या, आकाशात गुलालाचा ढग. पिंजऱ्यातला नर प्रत्येक ढोलाला उत्तर देत होता. लोकांना एवढा आनंद झाला की विचारू नका. "भिया, दूल्हा बोल रिया है," असं म्हणत चार पोरांनी त्याच्यावर बादलीच उपडी केली. दोन तासांनी आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी हिरवी होते, शुभी जांभळी, आणि तो पांढराशुभ्र थोराड वंशपुरुष गालापासून शेपटीपर्यंत गुलाबी. शुभी हसली. ओठ नुसते जरा ताणल्यासारखं, पण हसली. ते हसू मी जपून ठेवलं, पुढे लागणार होतं.

आवारात सोडल्यावर रामकुंवरबाईनं त्याला वरून खालून बघितलं आणि म्हणाली, "बाईजी, यो वर हे के पाड़ो?" नवरदेव की रेडा. मी तिला आनुवंशिकता समजावून सांगितली. तिनं पूर्ण ऐकून घेतली, मान हलवली, आणि माद्यांकडे बघत राहिली.

आमच्या शाळेत दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता. त्या धड्यापाशी आलं की मी पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, हे घरी वाचून या. सगळ्याच बाया तसंच करायच्या. मुली खाली बघून हसायच्या, मी खिडकीबाहेर बघायचे, आणि घंटा व्हायची. तीस वर्षं. त्यामुळे काय झालं, की मुलींनी तो धडा घरी वाचला आणि मी मात्र कधीच वाचला नाही. सोळा किलोचा नर तीन किलोच्या मादीवर चढतो तेव्हा काय होतं, हा प्रश्न माझ्या चौकटींच्या वहीत कुठे आलाच नाही. चौकटीत अक्षरं असतात. अक्षरांना नखं नसतात.

माद्या अंडी देत होत्या. चरत होत्या. संध्याकाळी बाभळीवर चढायला जरा वेळ लावत होत्या, मी म्हटलं ऊन वाढलंय. अंड्यांची टोपली भरत होती, मी रोज मोजत होते, आणि रविवारी ग्वाल्हेरहून फोन यायचा तेव्हा शुभी अंगणात जाऊन बोलायची, परत यायची, भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच भांडी. मी म्हटलं, चला, बोलणं तरी चालू आहे.

पाडव्याच्या दिवशी सकाळी मी गुढीला कडुनिंब बांधत होते. शुभी आवारातून म्हणाली, आई, ही उठत नाहीये. एक तांबूस मादी कुंपणापाशी बसली होती, चोच किंचित उघडी. शुभीनं तिला उचललं, मांडीवर घेतलं आणि पंख बाजूला केला.

पंखाखाली, जिथे वरून काही दिसत नाही तिथे, कातडी फाटून लोंबत होती. काखेपासून मांडीपर्यंत. आत अळ्या होत्या.

मी म्हटलं, काल तर ही दाणे खात होती. काल हिनं अंडं दिलंय.

शुभी एकेक मादी धरत गेली, उचलत गेली, पंख बाजूला करत गेली. नऊतल्या सातांना जखमा होत्या. दुपारपर्यंत ती हळद, खोबरेल आणि औषधाच्या डब्या घेऊन मातीत बसली होती. तिच्या हाताला ते काम सरावाचं असल्यासारखं होतं. किती दाबायचं, कुठे फुंकर मारायची, कुठे नुसतं थांबायचं. तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न मला पडला, आणि मी तो घरी वाचायला ठेवून दिला.

संध्याकाळी ती पंपापाशी हातपाय धूत होती. कुडता रक्तानं, तेलानं भिजलेला, तो तिनं मागून खांद्याखाली ओढून मान धुतली. मी टॉवेल घेऊन मागे उभी होते. दोन महिने ती मला केसांना तेल लावू देत नव्हती. मी मैत्रिणींना सांगत होते, बघा, मोठ्या घरी गेली आणि आईच्या हाताची राहिली नाही. मानेच्या खाली, खांद्याच्या पात्यांवर, जुने वण होते. काही गोल, काही लांब. एक अजून तांबडा होता.

मी टॉवेल दोरीवर ठेवला आणि घरात गेले. गुढी उतरवायची वेळ झाली होती.

काय करायला हवं होतं, ते आज मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी श्रीखंडाचं पातेलं धुतलं. मग पुसलं. मग परत धुतलं. माझी पोर सहा वर्षं तिथे होती, दर रविवारी मी फोनवर जेवणात काय केलंस ते विचारत होते.

त्या दिवसापासून तीस पिल्लं तिला हवी होती त्याहून जास्त मला हवी झाली. नुसतं म्हणायला जीभ उचलेना, की मी बघितलंय, जाऊ नकोस. बाकी सगळं म्हटलं. रहा गं, मला एकटीला होत नाही. रहा, इराला इथली हवा मानवली. रहा, गुडघे दुखतात. ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची: तीस झाली तर राहीन. आणि टोपलीतली बेचाळीस अंडी आम्ही भर दुपारी खोलीची दारंखिडक्या लावून, मोबाईलच्या उजेडावर पुठ्ठ्याची नळी धरून एकेक करून बघितली. चाळीस कोरी. आत नुसता पिवळा उजेड. नवरदेवानं नुसत्या पाठी फाडल्या होत्या, काम काही केलं नव्हतं. ते त्याला जमण्यासारखंच नव्हतं. छातीसाठी वाढवलेली ही जात, छातीच आड येते.

हे आम्हाला सांगितलं महूहून आलेल्या डॉक्टरबाईंनी. नीलिमा. माझीच विद्यार्थिनी, दुसऱ्या बाकावरची, पुसट बोलणारी. आता जीन्स, गमबूट, हातात सिरिंज. तिनं माद्या तपासल्या, नर तपासला, तो गुलाबी का आहे हे विचारायचा मोह आवरला, आणि म्हणाली की नर वेगळा ठेवायचा, कृत्रिम रेतन करायचं, थोराड जातीत सगळीकडे तसंच करतात. मी तोंडावर पदर धरून विचारलं, म्हणजे नेमकं कसं. ती म्हणाली, "मॅडम, हा धडा तुम्ही घरी वाचून यायला सांगितला होता. मी वाचला होता."

मग मी तो धडा शिकले. नर मांडीवर आडवा, शुभी त्याच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवतेय, आणि मी, माजी वर्गशिक्षिका, हातात इवलीशी काचेची वाटी धरून गुडघ्यावर बसलेली. पहिल्या दिवशी वाटीत काही पडलं नाही, माझ्या चष्म्यावर पडलं. रामकुंवरबाई गव्हाच्या पेंढीत तोंड खुपसून हसत होती. आणि नर प्रत्येक हसण्याला उत्तर देत होता. दर आठवड्याला, अर्ध्या तासाच्या आत सगळं आटपायचं, नाहीतर फुकट. शिवाय माद्यांच्या पाठींसाठी मी माझ्या जुन्या शाळेच्या खाकी पिशव्या कापून खोगिरं शिवली, पुढे नर कधी सुटलाच तर असू देत म्हणून. नऊतल्या सहाच माद्या उरल्या होत्या तोवर. खोगीर चढवलेल्या सहा पीरू ओळीनं चालल्या की एखाद्या पडक्या संस्थानाचं घोडदळ निघाल्यासारखं वाटायचं.

एप्रिलच्या अखेरीस छत्तीस अंडी जमली. बारा काळीखाली ठेवली. काळी म्हणजे ती मादी, जिची पाठ सगळ्यात वाईट फाटली होती आणि जी सगळ्यात आधी खुडूक बसली. बाकी चोवीस उबवणीयंत्राच्या पेटीत. दहाव्या दिवशी परत दारं लावली, नळी धरली. पहिल्याच अंड्यात लाल रेषांचं जाळं. मधोमध एक ठिपका, हलणारा. शुभीनं माझा दंड धरला. पाच कोरी निघाली. एकतीस जिवंत. एकतीस, मी परत मोजली, परत मोजली. त्या अंधारलेल्या खोलीत मी साठ वर्षांची बाई दोन पावलं नाचले, आणि माझा पाय नळीवर पडला.

आठ-दहा दिवस असे गेले की मी देवाला नवस बोलायलाही घाबरत होते, उगीच लक्ष जायला नको.

विसाव्या दिवशी चार वाजता आंधी आली. समोरचं कुंपण दिसेना. लिंबाची फांदी तारांवर पडली, खांब वाकला, वीज गेली ती गेलीच. बाहेर त्रेचाळीस अंश, पेटीतला पंखा बंद, आत वीस जिवंत अंडी. इन्व्हर्टर तासाभरात बसला. आम्ही पेटी उघडली, ओली पोती लावली, पुठ्ठ्यानं वारा घातला. काळीच्या पोटाखाली जागा नव्हती. बाकीच्या पाच जणींना मी टोपलीखाली अंड्यांवर बसवून बघितलं, त्या उठून गेल्या. खुडूक होणं सांगून होत नाही. रामकुंवरबाई म्हणाली, माझ्या दोन गावठी कोंबड्या बसल्यात, त्यांच्याखाली ठेवा. पण डॉक्टरबाईंनी बजावून ठेवलं होतं, कोंबडी आणि टर्की एका जागी आणायची नाही, कोंबडीला न बाधणारा रोग टर्कीचं काळीज पोखरतो. शुभी नको म्हणाली. सकाळी तिनं हट्ट सोडला आणि आम्ही कोंबड्या आणायला धावलो, तेव्हा उजेडावर धरलेल्या प्रत्येक अंड्यातला ठिपका स्थिर होता. लाल रेषा काळ्या पडायला लागल्या होत्या.

शुभीनं इराची शाळेची जुनी बॅग काढून झटकली.

काळीखाली अकरा पिल्लं निघाली. तपकिरी, पाय जाड, बापाचे पाय. ओली अंगं सुकली, कापसासारखी फुलली, आणि ती अकरा पिल्लं भरल्या ताटासमोर उपाशी बसून राहिली. दोन दिवस. चोच उचलेनात. काळी शिकवत होती, पण तीही अशक्त. चारदा टोचायची आणि मिटून बसायची. तिसऱ्या दिवशी दोन मरून पडली, ताटात मान टाकून. मी दाणे बोटानं टकटकले, दूध दिलं, अंडं कुस्करून दिलं, कांद्याची पात चिरून दिली. रामकुंवरबाई म्हणाली, "पीरू का बच्चा भूखो मरी जाय, पण खाणो नी सीखे. चमकती चीज रखो." चमकणारं काय, म्हणून मी घरभर फिरले. इरा आतून तिचा डबा घेऊन आली आणि तिचे कंचे, निळे हिरवे लाल, सगळे, दाण्यांत ओतून दिले. उन्हाची तिरीप आली. एका पिल्लानं लाल गोटीवर चोच मारली, चोच घसरली आणि दाणा तोंडात गेला.

नऊ जगली. नऊच.

गाडी रविवारी येणार होती. शुभीनं शनिवारी बॅगा भरल्या. दोन बॅगा, आणल्या होत्या तेवढ्याच. नऊ पिल्लं तिनं रामकुंवरबाईच्या हवाली केली, दिव्याची उंची, पाण्याचं भांडं, सगळं कागदावर लिहून दिलं. अक्षर शाळेतल्यासारखं, एक ओळ वाकडी नाही. मी परत म्हटलं, रहा. ती म्हणाली, शब्द दिलाय ना आई. आणि मी, जिला बोलायचं एकच वाक्य होतं, ते सोडून बोलले की डब्यात पुऱ्या देते.

रविवारी सकाळी मी हातोदच्या बाजारात गेले. पुऱ्यांबरोबर द्यायला कैऱ्या आणायच्या होत्या. तिथे एक माणूस टोपलीत रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकत होता. गुलाबी, हिरवी, पिवळी, मुलांना खेळायला. मी बघत राहिले. मग म्हटलं, गुलाबी सगळी द्या. गुलाबी तेरा होती. म्हटलं, आठ दुसरी द्या. त्यानं विचारलं, एकवीस ही काय भानगड? मी म्हटलं, मला तीस करायचीत. तो घाबरून जरा मागे सरकला.

डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मान्य. कोंबड्या टर्कीजवळ आणायच्या नाहीत, हे मला पाठ होतं, मी खोकं मधल्या जाळीच्या बाहेरच उघडलं, तेवढी शुद्ध होती. बाकी नव्हती. गाडी दारात आली. जावई वाकून आत आले, दाराची चौकट त्यांना अजून लहानच पडत होती. शुभी बॅग घेऊन बाहेर आली, शेवटचं बघायला आवाराकडे वळली आणि थांबली.

तिनं बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आई, ही गुलाबी कुणाची?"

मी म्हटलं, "बापावर गेली."

आधी तिच्या नाकातून एक आवाज आला. मग ती बॅगेवरच बसली आणि हसायला लागली, असं हसली की इरा घाबरून माझ्या पायाला बिलगली. हसता हसता ती रडत होती, आणि ते दोन्ही कुठे वेगळे होतात ते मला दिसत नव्हतं. आतल्या नरानं तिच्या प्रत्येक हुंदक्याला उत्तर दिलं. मग तिनं डोळे पुसले, जाळीपाशी गेली आणि बोट दाखवून, एकेक करून, वर्गात हजेरी घेतात तशी, दोन्हीकडची पिल्लं मोजली. शेवटच्या हिरव्या पिल्लापर्यंत. वळून म्हणाली, "तीस झाली. मी येत नाही."

जावई पुष्कळ बोलले. घराण्याचं बोलले, कायद्याचं बोलले, इराच्या शाळेचं बोलले, मग माझ्याकडे वळून म्हणाले की आई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच समजवा. ते जवळ आले. माझ्या हातात कैऱ्यांची पिशवी होती. मी म्हटलं, "मी तिची पाठ बघितलेली आहे."

एवढंच वाक्य. दोन महिने जे जिभेवर चढत नव्हतं ते पाच शब्दांत संपलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. रामकुंवरबाई खुरपं घेऊन कुंपणापाशी उभी होती. ते वाकून बाहेर पडले.

पुढचं सोपं नव्हतं. कोर्टाची वर्षं, लोकांची तोंडं, आणि पहिला डिसेंबर तर नऊ पक्ष्यांवरच गेला. पण त्या नवांच्या छातीवर मांस होतं आणि पायांत आईचा वेग होता. त्यांच्यातल्या मध्यम नरांनी पुढच्या वर्षी माद्यांना खोगिराखाली ओरखडासुद्धा काढला नाही. आता शुभी थोराड रक्त थोडं थोडं करून, पिढीपिढीनं घालते. आमच्या आवारात आज फिरणारा हा मिशाळ बडबड्या त्या गुलाबी पीरूचा कितवा तरी पणतू. इरा बारावीच्या परीक्षेला बसलीय, त्याच्यासमोर उभी राहून सूत्रं म्हणते, तो सगळ्या सूत्रांना होकार देतो. पुस्तकातला तो धडा मी तिला स्वतः शिकवला, दार उघडं ठेवून. ती म्हणाली, "आजी, इतना क्या शरमाना, सिंपल तर आहे." रंगवलेल्या एकवीस कोंबड्यांपैकी चौदा जगल्या, मोठ्या झाल्या, पांढऱ्या झाल्या, रामकुंवरबाईच्या घरी अंडी देऊन देऊन म्हाताऱ्या झाल्या.

रोज संध्याकाळी शुभी अजून आवारात जाते. एकेक मादी उचलते, पंख बाजूला करते, बघते, खाली ठेवते. कितीही काम असो. मी आता वाकू शकत नाही, मी कंदील... नाही, बॅटरी धरते. सवयीनं कंदील म्हणते.

गाडी गेली त्या संध्याकाळी ती काळीच्या पाठीला तेल लावत बसली होती. मी मागे जाऊन बसले आणि तिच्या केसांची वेणी सोडली. तिनं सोडू दिली. खोबरेल तळहातावर घेतलं, केसांतून खाली मानेपर्यंत, मानेखाली. तिनं विचारलं, कधी बघितलंस? मी म्हटलं, पाडव्याला. मग मी, अजून अक्कल न आलेल्या बाईनं, उलट तिलाच विचारलं, सहा वर्षं दर रविवारी फोन करत होते मी, एकदा तरी सांगायचं नाही का?

तिनं काळीचा पंख नीट मिटवला, तिला जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "पाखरू सांगत नसतं, आई. उचलून, पंख बाजूला करून बघावं लागतं."